हात थांबला होता

“महाराज, जो मरणार आहे तो मला कधी दिसणारच नसेल, तर त्याची हिंसा मला लागते का?”

निरीहकीर्ती महाराज बस्तीच्या मंडपात लाकडी पाटावर बसले होते. मांडीशी मोरपिसांची पिंछी, बाजूला कमंडलू.

“कोण मरणार आहे?”

“ते ठाऊक नाही.”

“कधी?”

“तेही नाही. बहुतेक तो अजून जन्मालाच आलेला नाही.”

महाराज थोडे पुढं सरकले.

“मग नीट सांग.”

विचारणारा धन्यकुमार मगदूम. वारणेकाठच्या या ऐनोळी गावचाच मुलगा. चारी बाजूंनी ऊस, मधे गाव आणि गावाच्या मधोमध शांतिनाथाची जुनी बस्ती, म्हणजे जैन मंदिर, एवढंच ऐनोळी. धन्यकुमार शिकला, केमिकल इंजिनिअर झाला, आणि आता कोकणातल्या एका नायट्रिक ॲसिडच्या कारखान्यात मुख्य अभियंता होता. गावात त्याला नावानं हाक मारणारं फारसं कुणी उरलं नव्हतं. सगळे ‘साहेब’ म्हणत. त्यालाही ते आवडत असे.

महाराजांशी त्याचं नातं कॉलेजपासूनचं. तेव्हा महाराजांचा चातुर्मास ऐनोळीत झाला होता. प्रवचन संपलं की लोक नमोस्तु करून घरी जात. हा मागं राहून वाद घाली. दिगंबर मुनींसमोर एवढं बोलू नये, असं मोठी माणसं बजावत. महाराजांनी मात्र त्याला कधी गप्प केलं नाही. याची बुद्धी चांगली आहे, असं ते एकदा त्याच्या थोरल्या बहिणीला, रत्नाक्काला म्हणाले होते. आणि थोडं थांबून म्हणाले होते, की अशा बुद्धीला पळवाटही लवकर सापडते.

गेल्या वर्षापासून महाराज पुन्हा ऐनोळीत होते. या वेळचं कारण वेगळं होतं. काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे जात चालले होते. मुनीनं चालायचं ते चार हात पुढची जमीन बघत, पायाखाली मुंगीसुद्धा येऊ नये म्हणून. ती जमीनच दिसेना, तेव्हा गावोगावचा विहार थांबला. धन्यकुमारनं सांगलीहून डोळ्यांचा डॉक्टर आणून दाखवला होता. गेलेली नजर परत येत नाही, राहिलेलीही फार टिकायची नाही, असं डॉक्टर म्हणाला. महाराजांनी ते शांतपणे ऐकलं आणि डॉक्टरला आशीर्वाद दिला.

आता धन्यकुमार नीट सांगू लागला.

कारखान्यात अमोनिया हवेबरोबर प्लॅटिनमच्या जाळीवर जाळतात. त्यातून ॲसिड बनतं. पण त्याच आगीत आणखी एक वायू थोडा थोडा तयार होत राहतो, नायट्रस ऑक्साइड. त्याला रंग नाही. वास असलाच तर किंचित गोड. दवाखान्यात गुंगी द्यायला हाच वापरतात. धुराड्यातून तांबूस धूर निघाला की आसपासच्या वाड्यांतली माणसं लगेच गेटवर येऊन भांडतात. हा निघतो तेव्हा कुणी येत नाही. यानं कुणाला खोकला होत नाही, झाड वाळत नाही, खाडीतला मासा मरत नाही.

तो नुसता वर जातो. पोहोचायलाच त्याला वर्षं लागतात. ढगांच्या कितीतरी वर ओझोनचा थर आहे. तिथल्या कडक उन्हात हा मोडतो, आणि त्याच्या मोडण्यातून जे निघतं ते ओझोनला खात सुटतं.

“तो थर काय करतो?” महाराजांनी विचारलं.

“उन्हातला जाळणारा भाग अडवतो. पृथ्वीच्या अंगावरचं वस्त्रच म्हणा, महाराज.”

बोलून गेल्यावर तो अवघडला. समोर उघड्या अंगाचा म्हातारा बसला होता, जन्मभर उन्हातून चालून काळवंडलेला.

महाराज किंचित हसले.

“मग तिचं आणि माझं वस्त्र एकच.”

ते विरलं तर काय होतं, हेही त्यांनी विचारलं. मोतीबिंदू वाढतात, धन्यकुमार म्हणाला. कातडीचा कर्करोग वाढतो. पिकांनाही सोसत नाही. मग घाईनं त्यानं सांगितलं, की महाराजांच्या डोळ्यांचा याच्याशी संबंध नाही, काचबिंदू वेगळा.

“मी माझ्या डोळ्यांचं विचारलं नव्हतं.”

मग धन्यकुमारनं खरी गोष्ट काढली.

काही वर्षांपूर्वी त्यानंच त्या जाळीखाली एक नवा थर बसवला होता, कॅटॅलिस्टचा. त्यातून जाताना हा वायू बराचसा तिथंच मोडायचा आणि साधी हवा होऊन बाहेर पडायचा. त्याबद्दल त्याचे सत्कार झाले होते. ऐनोळीतही झाला होता. तेव्हा परदेशातल्या कंपन्या आपल्या धुराची भरपाई म्हणून अशा कामाचा मोबदला देत. पुढं तो बंद झाला. आता जुना कॅटॅलिस्ट निकामी झाला होता, आणि नवा घ्यायची मालकांची तयारी नव्हती. दुरुस्तीसाठीच्या येत्या शटडाऊनमध्ये त्या जागी चिनी मातीच्या साध्या कड्या भरून टाकायच्या, असं ठरलं होतं. मुख्य अभियंत्याची संमती तेवढी राहिली होती.

यात बेकायदा काहीच नव्हतं. फ्रिजमधले ओझोन खाणारे वायू जगातल्या देशांनी मिळून बंद केले, पण त्या करारात हा वायू नाही.

“आणि महाराज, याचा मोठा वाटा कारखान्यांतून येतच नाही. शेतांतून येतो. आपल्याच शिवारात ओल्या उसाला लोक वाटेल तसा युरिया टाकतात, त्यातूनही हाच निघतो. सगळ्या जगाच्या रानांपुढं माझं एक धुराडं म्हणजे राईचा दाणा.”

“दाणा कुणाच्या हातात आहे?”

धन्यकुमारनं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्याचा मुद्दा तयार होता. वाटेत गाडीत त्यानं तो घोळला होता.

“आपणच शिकवलंत, बेसावधपणानं जीव घेतला तर ती हिंसा. मी बेसावध नाही. माझ्या मनात कुणाबद्दल राग नाही, लोभ नाही. मला कुणी मरताना दिसत नाही. जो मरेल तो कशानं मेला हे त्याला कळणार नाही, त्याच्या डॉक्टरलाही कळणार नाही. मग दोष कुणाचा, महाराज?”

तो थांबला. मुद्दा बिनचूक मांडल्याचं समाधान त्याच्या चेहऱ्यावर होतं.

महाराजांनी दोन्ही हात पुढं केले. तळवे जुळवून ओंजळ केली. मुनी आहार घेताना करतात तशी.

“यात काय आहे?”

“काही नाही, महाराज.”

“नीट बघ.”

“रिकामी आहे.”

“सकाळी काय होतं?”



सकाळी घडलं ते असं. महाराज दिवसातून एकदाच आहार घेत, उभ्यानं, ओंजळीत. पाणीही तेव्हाच. त्यात केस निघाला, मेलेला किडा निघाला तर तिथंच ओंजळ सोडायची आणि खाली बसायचं. मग दुसऱ्या दिवसापर्यंत काही नाही. परवा तसंच झालं होतं. पहिल्याच घासात केस निघाला. काल त्यांचा नेमाचा उपवास. दोन दिवस पोटात पाण्याचा थेंब नाही, आणि चैत्राचं ऊन.

आज आहार रत्नाक्काच्या घरी होता. तिनं पहाटेपासून सोवळ्यात स्वयंपाक केला. धन्यकुमार अंघोळ करून धोतर-उपरण्यात तिच्या शेजारी उभा राहिला. मन शुद्ध आहे, वचन शुद्ध आहे, काया शुद्ध आहे, आहारपाणी शुद्ध आहे, असं दोघांनी महाराजांना हात जोडून सांगितलं. पूर्वी महाराज प्रत्येक घास स्वतः निरखून बघत. आता बघायचं ते देणाऱ्यानं.

धन्यकुमार दूध घालत होता. रत्नाक्का पाण्याचा तांब्या आणायला वळली. तेवढ्यात त्याला ओंजळीत मुंगी दिसली. काळी, मेलेली, दुधावर आडवी.

एक शब्द बोलला असता तर ओंजळ सुटली असती. तिसरा दिवस कोरडा गेला असता. महाराजांच्या मानेची शीर त्याला उडताना दिसत होती.

त्यानं पुन्हा दूध घालायला सुरुवात केली. मुंगी दुधाबरोबर गेली.

महाराजांचा आहार पुरा झाला. रत्नाक्का पदरानं डोळे पुसत होती. धन्यकुमारलाही आपण काही चांगलं केलं असंच वाटत होतं.

“तुझा हात थांबला होता,” महाराज म्हणाले. “दुधाची धार तुटली. मग पुन्हा लागली.”

“…मुंगी होती, महाराज. मेलेली.”

“बोलला नाहीस.”

“तिसरा दिवस झाला असता. आपल्याला सोसला नसता.” त्याचा आवाज बारीक झाला. “आणि आपल्याला ती दिसलीच नव्हती. न दिसलेल्याचा दोष आपल्याला लागत नाही.”

“मला दिसली नाही,” महाराज म्हणाले. “तुला दिसली.”

…

बाहेर कुणाच्या तरी रानात पाण्याची मोटर सुरू झाली.

धन्यकुमार खाली वाकला. महाराजांनी नेहमीसारखी पिंछी त्याच्या डोक्यावर धरली आणि आशीर्वाद दिला. त्यांच्या आवाजात राग नव्हता. धन्यकुमार घाबरला तो त्यामुळंच.

कोकणात परतल्यावर त्यानं संमती दिली नाही.

बैठकीत तो तासभर बोलला. मालकांनी अदबीनं ऐकून घेतलं. कामगारांपैकी कुणाला त्रास होतो का, असं त्यांनी विचारलं. नाही, तो म्हणाला. आसपासच्या गावांतून तक्रार आहे का? तीही नव्हती. मग प्रश्न काय आहे, मालकांनी विचारलं. त्यांना तो खरंच कळला नव्हता, हे धन्यकुमारच्या लक्षात आलं. त्यानं प्रदूषण खात्याकडं लेखी आक्षेप घेतला. खात्यानं कळवलं की नियमांत या वायूला मर्यादाच घातलेली नाही, तेव्हा उल्लंघन कशाचं म्हणायचं.

आठवड्याभरात त्याची बदली गोदामावर झाली. त्याच्या जागी आलेला माणूस वाईट नव्हता. धन्यकुमारनंच त्याला काम शिकवलं होतं. तो भेटायला आला, नजर खाली ठेवून बसला, मुलांच्या शाळेचं काहीतरी बोलला. नंतर त्यानं संमती दिली. कड्या भरल्या गेल्या. जाळी पेटली. धुराड्यावर दिसण्यासारखं काहीच नव्हतं, आभाळ स्वच्छ निळं होतं. धन्यकुमार गोदामाच्या दारात उभा राहून ते बघत असे.

अशातच रत्नाक्काचा फोन आला.

महाराजांनी धान्य सोडलं होतं. सल्लेखनेसाठी, म्हणजे अन्नपाणी हळूहळू सोडून देह ठेवण्यासाठी, त्यांनी आपल्या आचार्यांकडं निरोप पाठवला होता, आणि आचार्यांची अनुज्ञाही आली होती. गावातली माणसं विनवून थकली. डोळे गेले म्हणून काय झालं, आम्ही आहोत ना बघायला, असं सगळे म्हणाले.

“तर म्हणाले, दुसऱ्याच्या डोळ्यांनी जगायचं तर तो डोळा बोलायला हवा. कुणाबद्दल म्हणाले रे? आपल्या गावात असं कोण आहे?”

धन्यकुमारनं तिला सांगितलं. मुंगीचं सगळं.

तिच्या घरचा आहार, तिच्या हातचं दूध, तिनंच हात जोडून शुद्ध म्हणून सांगितलेलं. थोड्या वेळानं तिनं फोन ठेवला. त्यानंतर तिनं त्याचा फोन घेतला नाही.

वैशाख सरता सरता तो ऐनोळीला आला.

बस्तीत माणसं भिंतीला टेकून बसली होती. हळू आवाजात णमोकार मंत्र चालला होता. महाराज गवताच्या चटईवर आडवे होते. धान्य गेलं, मग दूध गेलं, मग ताक. आता नुसतं पाणी. पोट पाठीला लागलं होतं. डोळे उघडे होते, पण कुणाकडं वळत नव्हते.

रत्नाक्का दाराशी होती. त्याला बघून ती काही न बोलता बाजूला झाली. तिनं त्याच्याकडं पाहिलंही नाही.

धन्यकुमार महाराजांच्या कानाशी बसला. नमोस्तु म्हणाला. आवाजावरून त्यांनी ओळखलं.

“साहेब आले.”

“साहेब नाही राहिलो, महाराज.”

महाराजांच्या ओठांवर काहीतरी हललं. हसू असावं.

आपल्यामुळंच हे झालं का, हे विचारायला तो आला होता.

“महाराज, त्या दिवशी मी बोललो असतो तर…”

“तर मी उपाशी राहिलो असतो.” ते थांबले. श्वास पुरेना. “एक दिवस.”

मंत्र चालूच होता. पाण्याची वेळ झाली नव्हती, म्हणून त्यांचे सुकलेले ओठ कुणी ओले करत नव्हतं. धन्यकुमारला ते बघवेना. तो मान वळवून दुसरंच बोलू लागला, भरभर, ओझं टाकावं तसा.

नाही म्हणालो, त्यानं सांगितलं. सगळ्यांसमोर म्हणालो. लिहूनही दिलं. काही झालं नाही. दुसऱ्यानं हो म्हटलं आणि कारखाना सुरू झाला. वायू पूर्वी जात होता त्याच्या कितीतरी पट आता जातोय, आणि मी पोती बघत बसलोय. बायको म्हणते, कुणासाठी केलं हे? मुलगी विचारते, बाबा, तुम्ही काय चूक केली? तिला काय सांगायचं तेही सुचत नाही. मालकांचा निरोप आलाय, आक्षेप मागं घे, जुनी जागा परत देतो.

“माझ्या नाही म्हणण्यानं एक फुंकरही अडली नाही, महाराज. थकलो. आक्षेप मागं घेऊ का?”

…

महाराजांना डोळा लागला असं त्याला वाटलं. भिंतीकडच्या एकानं त्याला उठायची खूण केली. धन्यकुमार उठू लागला, तेवढ्यात त्यांचा हात चटईवर हलला. तो पुन्हा बसला.

“तो वायू…”

“हो, महाराज.”

“एकदा वर गेला… की किती काळ राहतो?”

“शंभर वर्षांच्या वर.” “आपण कुणीच नसू तेव्हा. मी नाही, माझी मुलगीही नाही.”

महाराजांनी मान त्याच्याकडं वळवली. न दिसणारे डोळे त्याच्या चेहऱ्यावर येऊन थांबले.

“आणि तुझा नकार… एवढ्यात म्हातारा झाला?”